काळजीची वाटणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज पुढच्या दोन रांगांत बसले आहेत आणि त्यांतल्या काहींची मुलं पुण्यात आहेत, असं मला संयोजकांनी सांगितलं. त्यामुळे दिलेला विषय मी थोडा आवळून घेतो. ‘विद्यार्थ्यांचा ताणतणाव’ असा मोठा विषय मला पेलणार नाही. मी बोलणार आहे ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या रोजच्या काळजीबद्दल. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात समुपदेशक म्हणून माझी बरीच वर्षं गेली. उदाहरणं देईन ती खरी आहेत, मात्र माणूस ओळखू येईल असा तपशील मी बदलला आहे.

रोजची काळजी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करतो. वर्तमानपत्रात येतं ते टोकाचं दुःख. ते आलं की चार दिवस सगळे हळहळतात. पण त्या गल्ल्यांमध्ये राहणारी बहुसंख्य मुलं त्या टोकाला नसतात. ती उठतात, अभ्यासिकेत जाऊन आपली खुर्ची धरतात, मेसला जेवतात, टेस्ट सिरीज सोडवतात, रात्री कॉटवर येऊन पडतात. आणि या सगळ्याच्या खाली दिवसभर काहीतरी सुरू असतं. जाहिरात कधी येणार? जागा किती निघतील? आन्सर कीमधल्या त्या दोन प्रश्नांवर हरकत मान्य झाली तर कट-ऑफ कुठे जाईल? या महिन्याचं मेसचं बिल घरी सांगायचं कसं? बरोबरीचा मित्र तलाठी झाला, मी काय करतोय? पानावर डोळे आहेत, पान उलटलंही जातं, पण वाचलेलं काही आत गेलेलं नसतं. ही मुलं आजारी नसतात आणि सुखातही नसतात. अशी तीन वर्षं, पाच वर्षं, काहींची त्याहून जास्त जातात. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षांची आहे. म्हणजे हे दार लवकर बंदही होत नाही. ‘अजून एक अटेम्प्ट’ हे वाक्य म्हणायला नेहमी जागा उरते.

मानसशास्त्रात परीक्षेच्या भीतीचा अभ्यास साठ-सत्तर वर्षं चालू आहे. १९६७ साली लिबर्ट आणि मॉरिस या दोन संशोधकांनी या भीतीचे दोन भाग केले. एक शरीराचा: छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा. दुसरा डोक्यातला: ‘नापास झालो तर’ने सुरू होणारी विचारांची माळ. पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसलं ते असं, की गुणांवर जास्त परिणाम होतो तो दुसऱ्या भागाचा. धडधड पेपर हातात आल्यावर बऱ्याचदा ओसरते. विचारांची माळ मात्र लक्षात ठेवायची, हिशेब करायची, पर्याय पडताळायची जी थोडीशी जागा मेंदूत असते तीच अडवते. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत पहिल्या पेपरला दोन तासांत शंभर प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. तिथे ही अडवलेली जागा फार महागात पडते.

तेव्हा काळजी कमी व्हायला हवी याबद्दल दुमत नाही. माझा वाद आहे तो कमी करायची जबाबदारी कोणावर टाकली जाते याबद्दल.

मुलगा म्हणाला, ‘मला फार टेन्शन येतं,’ की त्याला चारी बाजूंनी एकच उत्तर मिळतं. घरचे म्हणतात, काळजी करू नको. क्लासचे सर म्हणतात, सकारात्मक राहा. भाषण करायला आलेले अधिकारी म्हणतात, मी पण याच खोलीत राहत होतो, जिद्द ठेवा. मोबाइलवर पहाटे चारला उठणाऱ्यांचे व्हिडिओ असतात. सगळ्यांचा अर्थ एकच: काळजी तुझ्या मनातून आली आहे, तूच तिचा बंदोबस्त कर. मुलगा प्रयत्न करतो, जमत नाही, आणि मग काळजीत आणखी एक भर पडते, की माझं मनच कमकुवत आहे.

तुम्ही शेतकरी घरांतली माणसं आहात, म्हणून तुम्हाला समजेल असं सांगतो. एकत्र कुटुंबाची जमीन एकाच्या नावावर राहिली, तर सारा, कर्ज, बांधाची भांडणं सगळं त्या एकाच्या डोक्यावर येतं. शेवटी चार माणसं बसवून वाटणी करावी लागते आणि ज्याचा हिस्सा त्याच्या नावावर चढवावा लागतो. या मुलांच्या डोक्यावरची काळजी अशीच सामाईक आहे. त्यातला काही हिस्सा त्यांचा आहे. बाकीचा दुसऱ्यांचा आहे आणि तो त्यांच्या नावावर चढलेला आहे.

सगळ्यात मोठा हिस्सा तारखांचा. जी राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती, ती झाली २१ मार्च २०२१ ला. मध्ये साथ होती, हे मान्य. पण १४ मार्चची तारीख ठरली होती, मुलांनी गावाकडून येऊन खोल्या धरल्या होत्या, प्रवेशपत्रं काढली होती, आणि तीन दिवस आधी, ११ मार्चला, परीक्षा पुन्हा पुढे गेल्याचं कळलं. त्या दुपारी पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. ती चिडली होती, आणि थकलीही होती, हे मी जवळून पाहिलं. २०२४ ची पूर्व परीक्षा २८ एप्रिलला होती. ती सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी बँकेची परीक्षा निघाली. मुलं पावसात रात्रंदिवस आंदोलनाला बसून राहिली आणि परीक्षेला तीन दिवस उरले असताना ती पुढे ढकलली गेली. झाली १ डिसेंबरला. बरं, निवड झाली म्हणजे सुटका, असंही नाही. २०१९ च्या राज्यसेवेतून निवडलेले ४१३ उमेदवार निकाल हातात असूनही नियुक्तीसाठी वर्षाहून जास्त काळ थांबून होते. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, कारणं होती. कारणं नेहमीच असतात. पण गावात ज्याची मिरवणूक निघाली तोच मुलगा वर्षभर घरी बसून, ‘जॉइनिंग कधी?’ला उत्तर देतो, तेव्हा त्याला ‘मन खंबीर ठेव’ सांगणं मला अन्याय वाटतो.

तारीख ही आयोगाची आणि शासनाची काळजी आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हापासून लोकसेवा आयोग आपल्याबरोबर आहे. एवढ्या जुन्या संस्थेकडून वेळापत्रक पाळलं जावं, ही अपेक्षा फार मोठी नव्हे. अनिश्चित तारखेने माणसाचं काय होतं, हे कोणत्याही समुपदेशकाला विचारा. ठरलेल्या दिवशी येणाऱ्या संकटासाठी मन तयारी करू शकतं. कधी येणार हेच माहीत नसलं, तर ते सतत जागं राहतं. रात्री दोन वाजता टेलिग्रामचे ग्रुप उघडून ‘परीक्षा पुढे जाणार का’ बघणाऱ्या मुलाला आपण व्यसनी म्हणतो. त्या मुलाची ती पहाऱ्याची पाळी असते.

दुसरा हिस्सा पैशाचा. इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलावं लागेल, आणि ते मी प्रेमाने बोलतो आहे असं समजा.

दर महिन्याला पैसे पाठवताना वडील फोनवर सांगतात, ‘पैशाचं मी बघतो, तू फक्त अभ्यास कर.’ हे वाक्य मायेचं आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानात ते वेगळं वाजतं. सोयाबीनला काय भाव मिळाला ते त्याला बातम्यांत दिसलेलं असतं. बहिणीचं लग्न तोंडावर आहे हे माहीत असतं. पैसे येतात, पण कुठून येतात ते कोणी सांगत नाही. मग तो मनातल्या मनात हिशेब मांडतो, आणि कल्पनेतला हिशेब नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर निघतो. एक मुलगा माझ्याकडे यायचा. वडिलांनी शेत गहाण टाकलंय, अशी त्याची वर्षभर खात्री होती. त्या धाकाने तो मेसला एकदाच जेवायचा, अभ्यासिकेत झोप आवरत बसायचा. शेवटी मी त्याला वडिलांना थेट विचारायला लावलं. शेत गहाण नव्हतं. एक म्हैस विकली होती आणि थोडं हातउसनं होतं. वडिलांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, ‘पुढच्या दिवाळीपर्यंत मी रेटतो, त्यापुढं आपण बसून ठरवू.’ मुलगा मला म्हणाला, ‘सर, दिवाळीपर्यंत आहे, एवढं कळलं तरी बरं वाटलं.’ त्याला जास्त पैसे मिळाले नव्हते, एक तारीख मिळाली होती.

तिकडून मुलंही हेच करतात. पेपर कसा गेला? ‘चांगला गेला.’ जेवलास का? ‘जेवलो.’ पूर्व परीक्षा नापास झाल्याचं महिनोन् महिने घरी न सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. आईबापांनी मुलाला जपायचं म्हणून आकडे लपवायचे, मुलाने आईबापांना जपायचं म्हणून निकाल लपवायचा. दोघेही रात्री जागे. जत्रेला, लग्नाला मुलं गावी येत नाहीत याचं कारण अभ्यास असतो असं तुम्हाला वाटतं. पुष्कळदा कारण असतं ते पारावरचा एक प्रश्न: ‘काय मग साहेब, कधी?’

मुलींचं याहून अवघड आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. मुलाला घरून वर्षं मिळतात, मुलीला मुदत मिळते. ‘या वर्षी बघ, नाही झालं तर स्थळं बघायला लागू.’ म्हणजे तिच्या प्रत्येक पूर्व परीक्षेला दोन निकाल असतात, एक आयोगाचा आणि एक घरचा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला पेपरमध्ये ज्या प्रश्नांची उत्तरं पक्की येत होती, तिथेही हात थांबायचा. ती म्हणाली, ‘मला प्रश्न दिसत नव्हता, मला मामा दिसत होते.’ मामांनी स्थळ आणलेलं होतं. या मुलीला श्वसनाचे व्यायाम शिकवून मी काय साधणार होतो? मी तिच्या आईला बोलावून घेतलं. दोन बैठकांनंतर आईने स्वतः भावाला सांगितलं, की हिचा विषय पुढची दोन वर्षं काढायचा नाही. ती मुलगी पुढे राज्यसेवेत नाही, दुसऱ्या एका परीक्षेत पास झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मामांची काळजी मामांकडे परत गेली.

आता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हिश्शाकडे येतो. तो आहेच, आणि तो त्याने नीट कसावा असंही माझं म्हणणं आहे.

मराठी माणसाचं या बाबतीत एक भाग्य आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि ती मराठीत कि. मो. फडके यांनी आयुष्यभर निष्ठेने आणली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या संस्थेने ती शाळा-कॉलेजांपर्यंत पोचवली. तिचा गाभा थोडक्यात असा: मला ही पोस्ट हवी आहे, ही इच्छा माणसाला कामाला लावते, ती मिळाली नाही तर मी माणूस म्हणून शून्य आहे, हा हट्ट माणसाला खिळवून ठेवतो. इच्छा राखायची आणि हट्ट तपासायचा. हे मी शेकडो मुलांबरोबर करून पाहिलं आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण जिथे घर, गाव, क्लासचा फ्लेक्स सगळे मिळून तोच हट्ट रोज पढवत असतात, तिथे एकट्या मुलाने तो किती तपासायचा, यालाही मर्यादा आहे.

दुसरी एक साधी रीत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या थॉमस बोर्कोवेक यांच्याकडून आली. १९८३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काळजीखोर माणसांना सांगितलं, की रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजी करायला बसा. दिवसभरात काळजी आली की तिला त्या वेळेवर ढकला आणि हातातल्या कामाकडे वळा. काळजी करूच नका, असं ते म्हणाले नाहीत. मला यातला शहाणपणा आवडतो. आमच्या मुलांसाठी मी संध्याकाळची वेळ ठरवून देतो, झोपायच्या बरीच आधीची, आणि जागा कॉटची नाही, अभ्यासिकेचीही नाही. शनिवारवाड्यासमोरचा कट्टा, नदीकाठ, कुठेही. सोबत वही. पहिला आठवडा जमत नाही. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांना दिसतं, की दुपारी डोंगराएवढी वाटलेली गोष्ट सहा वाजता लिहायला घेतली तर एका ओळीत संपते.

वहीबद्दल एक खुलासा करतो. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला: परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढली तर घाबरणाऱ्या मुलांचे गुण वाढतात. तो फार गाजला, अजूनही व्याख्यानांत सांगितला जातो. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग जास्त माणसांवर पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. म्हणून लिहिल्याने गुण वाढतात, असं मी कुणाला सांगत नाही. मी लिहायला लावतो ते वाटणीसाठी. प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, ही काळजी कोणाची. ‘परीक्षा पुढे जाईल’: आयोगाची. ‘भूगोलाची रिव्हिजन राहिली’: माझी, उद्या सकाळी. ‘बाबांचं दुखणं’: बाबांची आणि डॉक्टरांची, माझं काम रविवारी फोन करून औषध चालू आहे का विचारणं. ‘माझं वय एकोणतीस’: इथे पेन थांबतं. त्या ओळीसाठी मग बसून बोलावं लागतं. किती अटेम्प्ट द्यायचे, तोवर हाताशी दुसरं काय ठेवायचं, हा निर्णय मुलाचा आहे आणि तो पुढे ढकलला की बाकी सगळ्या काळज्या त्याच्यावर पोसल्या जातात. दुसऱ्या मार्गाचा विचार करणं म्हणजे हार, असं क्लासच्या वातावरणात शिकवलं जातं. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांनी दुसरा मार्ग कागदावर आखून ठेवला, ती मुलं पेपरला जास्त मोकळी बसतात.

झोपेबद्दल लांबण लावत नाही. वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत होतं, हे आता नीट सिद्ध झालेलं आहे. चार तास झोपून बारा तास वाचण्याचा अभिमान मुलांनी सोडावा आणि क्लासवाल्यांनी तो वाढवणं थांबवावं.

रोजची काळजी कधी आजाराकडे वळते, हेही पालकांना माहीत असायला हवं. दोन-तीन आठवडे झोप लागत नाही किंवा दिवसभर उठवत नाही, जेवण तुटलंय, मित्रांशी बोलणं बंद झालंय, कारण नसताना छातीत धडधडून जीव घाबराघुबरा होतो, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी भाषा येते, तेव्हा डॉक्टरकडे न्यायचं. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवायचा नाही आणि ‘नाटकं करू नको’ म्हणायचं नाही. मुलाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा आला, तर त्याला थेट विचारा, की तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार येत नाही. विचारल्याने तो बोलतो. आणि त्याला एकटं ठेवू नका. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. हा आकडा लिहून घ्या, मी थांबतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा असं सांगितलं. शिकवणी वर्गही त्यात येतात. तुमच्या मुलाचा क्लास फी घेताना किती अधिकारी घडवले ते सांगतो. समुपदेशक कोण आहे, हे त्याला आता तुम्ही विचारू शकता. जरूर विचारा. पण हा झाला संस्थेचा हिस्सा. समुपदेशक नेमला म्हणजे तारखांचा आणि घरचा हिस्सा फिटत नाही.

इथे जमलेल्यांना मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर त्यांना परीक्षेचं वेळापत्रकही विचारा. या तालुक्यातून पुण्याला गेलेल्या मुलांची संख्या बघता तो इथला स्थानिक प्रश्न आहे. आणि मुलाचा किंवा मुलीचा पुढचा फोन येईल तेव्हा निकालाचं विचारू नका. तुम्ही किती महिने पैसे पाठवू शकता ते खरं सांगा, त्यानंतर काय करायचं ते एकत्र बसून ठरवू असं म्हणा, आणि पोस्ट मिळाली नाही तरी या घरात तुझी जागा आहे, हे त्याच फोनवर स्पष्ट शब्दांत सांगा. तिला किंवा त्याला ते माहीत असेल असं गृहीत धरू नका.